पिवळ्या पाषाणांची दरी

वाचकहो, ‘दगड’ हा शब्द उच्चारताच तुमच्या डोळ्यांपुढे कोणता रंग उभा राहतो? माझ्याप्रमाणे तुम्हीही सह्याद्रीच्या आसऱ्याने वाढला असाल, तर तो रंग बहुधा काळाच असणार. आपले गड काळ्या दगडाचे, लेणी काळ्या दगडात कोरलेली, घाटावरच्या पायऱ्या काळ्या, आणि आजीच्या स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटाही काळाच. कोकणातले वाचक तेवढे मान हलवतील आणि म्हणतील, ‘आमचा जांभा विसरलात वाटते!’ तो मी विसरलेलो नाही. त्याच्याकडे मला पुढे वळावयाचेच आहे. पण पिवळा दगड? केशरी, गुलाबी, मोतिया, तपकिरी आणि पांढरा असे सारे रंग एकाच कड्यावर? असा डोंगर एखाद्या लहान मुलाने आपल्या चित्रात रंगवला, तर आपण त्याच्या हातातील खडू काढून घेऊ आणि ‘बाळ, डोंगर असा नसतो’ म्हणून त्याला समजावू. डोंगर तसाही असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि कॅमेऱ्याने टिपून आणले. मात्र टिपून आणलेले ते रंग खरे कितपत, हा प्रश्न पुढे घरीच मला कोणी विचारला. आजचा हा लेखनप्रपंच त्या प्रश्नाकरिता आहे.

अमेरिकेत, मुख्यतः वायोमिंग राज्यात, यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा विस्तार सुमारे ८,९८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही काहीसा अधिक. जमिनीतून उसळणारी उकळत्या पाण्याची कारंजी आणि बायसनांचे धिप्पाड कळप यांकरिता हे उद्यान जगभर ख्यातनाम आहे. बहुतेक प्रवासी कारंजी पाहण्यासाठीच तेथे जातात आणि दरी त्यांना वाटेत भेटते. परंतु माझ्या मते त्या उद्यानाचे हृदय या दरीतच आहे. यलोस्टोन नदीने कोरलेली ही दरी सुमारे ३२ किलोमीटर लांब आहे. तिची खोली ८०० पासून १,२०० फुटांपर्यंत आणि रुंदी १,५०० पासून ४,००० फुटांपर्यंत भरते. दरीच्या तोंडाशी नदी दोन उड्या घेते. पहिली उडी १०९ फुटांची, दुसरी ३०८ फुटांची. आपला गिरसप्प्याचा धबधबा याहून कितीतरी उंच आहे, तेव्हा उंचीची स्पर्धा येथे नको. दरीचा काठच मुळी समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांच्या आसपास आहे; कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांवर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे जूनच्या अखेरीसही सकाळी तेथे लोकरीची बंडी का लागते, ते कळते.

‘यलोस्टोन’ म्हणजे पिवळा पाषाण. ही दरी पाहून कोणालाही वाटेल की नाव येथूनच पडले असणार. वस्तुस्थिती निराळी आहे. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या हिदात्सा लोकांच्या भाषेत तिला ‘पिवळ्या दगडांची नदी’ अशा अर्थाचे नाव होते. फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते आपल्या भाषेत नेले आणि तेथून ते इंग्रजीत उतरले. हिदात्सांच्या मनात असलेले पिवळे दगड बहुधा येथून फार दूर, माँटानातील नदीकाठच्या वालुकाश्मांच्या कड्यांचे होते. नाव एका ठिकाणी जन्मले आणि शोभले दुसऱ्याच ठिकाणी. माणसांच्या बाबतीतही असे क्वचित घडते.

दरीच्या दक्षिण काठावर ‘आर्टिस्ट पॉइंट’ म्हणून एक जागा आहे. गाडीतळापासून तेथवर थोडीशीच फरसबंद वाट आहे, त्यामुळे वडीलधाऱ्या मंडळींनाही ती अवघड नाही. वाट पाइनच्या झाडीतून जाते. झाडी संपते, कठडा येतो, आणि पायांखालची जमीन एकाएकी नाहीशी होते. समोर मैलभर अंतरावर धबधब्याचा पांढरा पट्टा, त्याच्या पायथ्याशी तुषारांचे धुके, तळाशी हिरवट नदी, आणि दोन्ही बाजूंनी उतरत आलेले ते कडे. जेजुरीच्या गडावर सोमवतीला भंडाऱ्याची उधळण तुम्ही पाहिली असेल. पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे खांदे, सारे पिवळे होऊन जाते. कोणी महाकाय भक्ताने तसा भंडारा या कड्यांवर मुठी भरभरून उधळला असावा आणि मधूनच काव, चुना आणि राख यांचेही हात मारले असावेत, असे प्रथमदर्शनी मला वाटले. सुळक्यांच्या टोकांवर काटक्यांची घरटी दिसतात. ती ऑस्प्रे नावाच्या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याची. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनी जलाशयावरही दिसतो. अनोळखी मुलुखात गाववाला भेटावा, तसा त्याला पाहून मला आनंद झाला.

आता हे रंग आले कोठून? पुष्कळांना वाटते की हा पिवळेपणा गंधकाचा आहे. शेजारी ऊन पाण्याचे झरे आणि त्यांचा तो ओळखीचा वास असल्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुख्य कारण आहे लोह. सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि भूपृष्ठ खचून विस्तीर्ण कढई तयार झाली. पुढे त्या कढईत रायोलाइट नावाच्या खडकाचा लाव्हा पसरला. दख्खनचा आपला काळा बेसाल्टही लाव्हाचाच, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि पातळ वाहणारा. हा तुलनेने कालचा आणि दाट. या रायोलाइटमधून युगानुयुगे उकळते पाणी आणि वाफ वर चढत राहिली. त्यामुळे खडक मऊ पडला आणि त्यातील लोहाची संयुगे बदलली. मऊ पडलेला भाग नदीने खोदून काढला. कठीण राहिलेल्या भागावरून ती आजही उडी घेते. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी हे खोदकाम जोरात केले. दरीचे आजचे रूप १०,००० ते १४,००० वर्षांचे मानतात. उघड्या पडलेल्या कड्यांतील लोहाला हवा आणि पाणी लागले, आणि जे घरातील खिळ्याचे होते तेच येथे झाले. सरळ शब्दांत सांगायचे तर ही संबंध दरी गंजते आहे. त्या गंजाला आपण सौंदर्य म्हणतो.

कोकणातील वाचकहो, तुमच्या जांभ्याची आठवण मी येथे करतो. धो धो पावसाने दगडातील बाकीचे द्रव्य धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, की जांभा तयार होतो. त्याचा तांबूस रंगही लोहाच्या गंजाचाच. म्हणजे रत्नागिरीच्या घराची भिंत आणि वायोमिंगमधील कडा यांचा रंगारी एकच आहे. एका ठिकाणी त्याने पावसाकडून काम करून घेतले, दुसऱ्या ठिकाणी वाफेकडून.

छायाचित्र घेण्याचा विचार मनात आला, की प्रथम सूर्य कोठे आहे ते पाहावे लागते. आर्टिस्ट पॉइंटवरून धबधबा आपल्या पश्चिमेस राहतो, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीशी येते आणि समोरचे कडे उजळून निघतात. उन्हाळ्यात साडेनऊ-दहाच्या सुमारास धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटते. सूर्य पाठीशी आणि तुषार समोर, हा इंद्रधनुष्याचा नियम येथे अगदी पुस्तकाबरहुकूम पाळला जातो. माध्यान्ह झाली, की ऊन डोक्यावर येते, सावल्या नाहीशा होतात आणि कडे फिके पडतात. उलट एखादा पातळ ढग आडवा आला, तर तेच रंग पुन्हा भरून येतात. चकाकी कमी करणारी एक फिरती काच अनेक छायाचित्रकार भिंगापुढे लावतात. तिने खडकाचे रंग गडद होतात खरे. पण ती एका विशिष्ट कोनात फिरली, की समोरचे इंद्रधनुष्य चित्रातून पुसले जाते! डोळ्यांना दिसत असलेली वस्तू काचेच्या एका वळशाने अदृश्य होते, हा अनुभव मला मोठा विचार करावयास लावणारा वाटला.

दुसरी गंमत याहून सूक्ष्म आहे. आजच्या कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता, हे स्वतः ठरवावे लागते. समोरचे सारे दृश्यच पिवळे असले, तर तो समजतो की उजेडच पिवळा आहे, आणि सुधारणा म्हणून त्यात निळसर छटा मिसळतो. मग कडे निस्तेज दिसतात. घरी आल्यावर माणूस संगणकावर त्या निस्तेज चित्रात रंग ओततो, आणि ओतताना हात बहुधा सैल सुटतो. हे टाळण्याकरिता मी एक साधा उपाय योजला होता. खिशातील पांढराशुभ्र हातरुमाल कठड्यावर उन्हात धरून त्याचे एक चित्र प्रथम घेतले. त्या उजेडात पांढरा रंग कसा दिसत होता, याचा तो साक्षीदार. पुढील चित्रांचे रंग वाढवावेत की घटवावेत, हे माझ्या हौसेने न ठरता रुमालाच्या साक्षीने ठरावे, एवढाच हेतू. जवळ उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ मला रुमालाचे छायाचित्र घेताना पाहून क्षणभर थबकले, आणि मग अत्यंत सभ्यपणे त्यांनी आपली नजर दरीकडे वळवली.

या दरीपुढे खरेपणाचा प्रश्न काही मलाच प्रथम पडलेला नाही. १८७१ साली भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या नेतृत्वाखाली सरकारी पाहणीपथक येथे आले. त्यात विल्यम हेन्री जॅक्सन हे छायाचित्रकार होते आणि टॉमस मोरन हे चित्रकार. जॅक्सन यांचे काम काय कष्टाचे होते! त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि लेप वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत धुऊन घ्यावयाची. काचा, बाटल्या, तंबू, सारे खेचरांच्या पाठीवर. मोरन यांना घोड्यावर बसण्याची सवय नव्हती; खोगिरावर उशी ठेवून ते प्रवास करीत. या दोघांनी मिळून या दरीचे पहिले मोठे दर्शन आपल्या देशबांधवांना घडवले.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जॅक्सन यांच्या काचांना निळा-जांभळा प्रकाश तेवढा नीट कळे. पिवळा आणि तांबडा रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. तो काळपट उमटे. ज्या दरीची सारी महती पिवळ्या-तांबड्यात आहे, ती दरी टिपण्याचे साधन नेमके त्याच रंगांना आंधळे होते. याउलट मोरन यांच्यापाशी सारे रंग होते. परंतु त्यांनी आपल्या भव्य चित्रात कडे आणि झाडे जशीच्या तशी न मांडता निरनिराळ्या ठिकाणची दृश्ये एकत्र जुळवली. एकाचे चित्र रेषेत खरे आणि रंगात मुके. दुसऱ्याचे रंगात बोलके आणि रेषेत स्वैर. दोहोंचा मेळ घातला तेव्हा कोठे दरीचे स्वरूप कळले. जॅक्सन यांची छायाचित्रे आणि मोरन यांची जलरंगातील चित्रे अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांच्या पाहण्यात आली, आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी यलोस्टोनच्या कायद्यावर सही केली. हा प्रदेश विकावयाचा नाही, कोणा एकाचा व्हावयाचा नाही, सर्व जनतेकरिता राखावयाचा, असे त्या कायद्याने ठरले. मोरन यांचे मोठे तैलचित्र त्यानंतर पूर्ण झाले आणि काँग्रेसने ते १०,००० डॉलरला विकत घेतले. गमतीची गोष्ट म्हणजे, मोरन यांनी चित्र ‘आर्टिस्ट पॉइंट’वरून काढले असे समजून त्या जागेला पुढे ते नाव मिळाले, त्यांनी रेखाटने केली होती ती समोरच्या, उत्तर काठावरून.

चित्रांनी एक प्रदेश वाचवला, ही गोष्ट कोणाही छायाचित्रकाराची छाती फुगवणारी आहे. परंतु चित्राच्या चौकटीत जे येत नाही, त्याचाही विचार आपण केला पाहिजे. ही भूमी निर्मनुष्य नव्हती. १०,००० वर्षांहून अधिक काळ येथे माणसांचा वावर होता. आज २७ मूळनिवासी जमाती या भूमीशी आपले नाते सांगतात. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच येथे राहणाऱ्या लोकांना बाहेरच्या राखीव प्रदेशांत जावे लागले. ‘मूळनिवासी लोक या वाफांना भिऊन इकडे फिरकतच नसत’ अशी एक कथा पुढे पसरवण्यात आली. ती खरी नव्हती. सर्वांकरिता राखलेल्या भूमीतून ज्यांना निघावे लागले, त्यांची गणना ‘सर्वां’मध्ये झाली नाही. दरीच्या सुंदर, निर्जन छायाचित्रांकडे पाहताना ही निर्जनता निसर्गाने दिलेली किती आणि माणसाने घडवलेली किती, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आज तेथे उणीव आहे ती निर्जनतेची. २०२१ साली या उद्यानात ४८ लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. आर्टिस्ट पॉइंटवर सकाळी नऊनंतर कठड्याला टेकावयास जागा मिळणे कठीण. मी तेथे दोन तास होतो, आणि त्या वेळात एक गोष्ट वारंवार पाहिली. मंडळी येतात, दरीकडे पाठ करतात, हसतात, छायाचित्र घेतात आणि जातात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. आपले माणूस सुंदर ठिकाणी उभे असलेले चित्रात असावे, ही इच्छा निर्मळच आहे. मात्र काहींचे पाय चांगल्या चित्राकरिता कठड्यापलीकडे वळतात, तेव्हा काळजाचा ठोका चुकतो. वाफेने मऊ केलेला तो खडक दिसतो तसा भक्कम नाही. ज्या कारणाने तो पिवळा झाला, त्याच कारणाने तो ठिसूळही झाला आहे. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढे एक वाक्य तरी अवश्य लक्षात ठेवावे.

उत्तर काठावरून एक नागमोडी वाट सुमारे ६०० फूट खाली उतरून थेट मोठ्या धबधब्याच्या माथ्याशी जाते. उतरताना सोपी, चढताना त्या उंचीवरील विरळ हवेची पुरेपूर जाणीव करून देणारी. बर्फ वितळण्याच्या भरात येथून दर सेकंदाला २,४०,००० लिटरपर्यंत पाणी कोसळते. शरदात तेच १९,००० लिटरच्या आसपास येते. काठाशी खडकात एक खाच आहे. तेथे पाणी खोल असल्यामुळे ते फेसाळत नाही, आणि पांढऱ्या पडद्यात एक हिरवा पट्टा काही अंतरापर्यंत अखंड उतरताना दिसतो. मी त्या कठड्यापाशी गेलो तेव्हा लोखंडी नळ्या हाताखाली थरथरत होत्या. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. कॅमेऱ्याच्या भिंगावर तुषारांचा पडदा धरला होता. पुसावा तोच पुन्हा धरे. अखेर कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पंधरा-वीस मिनिटे नुसता त्या हिरव्या पट्ट्याकडे पाहत राहिलो. एकच पाणी तेथे दोन क्षण राहत नाही, पण पट्टा मात्र जागचा हलत नाही. त्या वीस मिनिटांचे एकही चित्र माझ्यापाशी नाही. परंतु धबधब्याचा विचार मनात आला, की आजही प्रथम आठवते ती हातांखालची थरथर.

आता तो घरचा प्रश्न. माझी आत्या राजापूरजवळच्या एका खेड्यात जांभ्याच्या घरात राहते. प्रवासाहून परतल्यावर चित्रे घेऊन मी तिला भेटावयास गेलो. महिन्यापूर्वीच तिच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू काढला होता; दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. प्रथम तिने विचारले, “एवढ्या लांब गेलास, तर तिथला एखादा खडा तरी आणायचास!” राष्ट्रीय उद्यानातील दगडगोटे उचलण्यास कायद्याने बंदी आहे, हे मी सांगितले. ते तिला पटले. “बरोबरच आहे,” ती म्हणाली, “प्रत्येकाने एकेक नेला तर डोंगर उरायचा नाही.” मग तिने एक चित्र हातात घेतले, उजेडाकडे धरले, आणि एक डोळा झाकून पाहिले, नंतर दुसरा झाकून. असे तिने तीन-चारदा केले.

“अरे,” ती म्हणाली, “हा रंग तिथला, की तुझ्या यंत्रातला?”

मी तिला रुमालाची हकीकत सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मला समोरच्या भिंतीकडे पाहावयास सांगितले. “ही भिंत किती वर्षं मी पिवळट समजत होते. दर दिवाळीला चुना वाईट आला म्हणून कुरकुरत होते. डोळा केला आणि बघते तर भिंत पांढरीशुभ्र! या डोळ्यानं अजूनही पिवळी दिसते, या डोळ्यानं पांढरी. म्हणून विचारते. यंत्राच्या डोळ्यातही मोतीबिंदू होत असेल की नाही?”

मोतीबिंदू झालेल्या भिंगातून जग पिवळसर-तपकिरी दिसते, आणि ते इतक्या सावकाश होते की माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, हे वैद्यकशास्त्रही सांगते. परंतु माझ्या रुमालामागील सारे तत्त्व आत्याने दोन डोळ्यांच्या उघडझापीत सांगून टाकले होते. जॅक्सन यांच्या काचेला पिवळे दिसत नव्हते, आत्याच्या जुन्या डोळ्याला पिवळ्यावाचून काही दिसत नव्हते. मधल्या मार्गाने जाणारा साक्षीदार हवा. आम्ही मग एक युक्ती केली. रुमालाचे चित्र आणि तोच खरा रुमाल अंगणातल्या उन्हात शेजारी शेजारी ठेवले. तिने नव्या डोळ्याने दोन्ही पाहिले आणि मान डोलावली. नंतर दरीचे चित्र ठेवले आणि आतून तिने एका वाटीत हळद, एका वाटीत काव आणि जांभ्याचा एक तुकडा आणला. चित्रावर बोट फिरवीत ती सांगू लागली, “हे हळदीइतकं पिवळं नाही, मातकट आहे. ही इथं काव. आणि हा तर आपला जांभा!” शेवटी एका तांबड्या पट्ट्यावर तिचे बोट थांबले. “पिवळी माती चुलीत पडली की तांबडी होते. हा डोंगर कुणीतरी भाजलाय.”

वाचकहो, आत्याने भूविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही. पण पिवळ्या मातीतील लोहाच्या संयुगात पाण्याचा अंश असतो. भाजल्यावर तो निघून जातो आणि मातीला तांबडा रंग चढतो, हे रसायनशास्त्र तिला विटा, मडकी आणि चूल यांनी शिकवले होते. मी तिला त्या दरीखालच्या उष्णतेची गोष्ट सांगितली. “मग बरोबर,” एवढेच ती म्हणाली, आणि वाट्या उचलून आत गेली. त्या दिवशी माझ्या चित्रांची जी परीक्षा झाली, तिच्याहून कठोर परीक्षा कोणत्याही प्रदर्शनात झाली नसती.

यावरून माझी अशी धारणा झाली आहे की, छायाचित्राचा खरेपणा यंत्रात नसतो आणि केवळ डोळ्यातही नसतो. तो पडताळून पाहण्याच्या तयारीत असतो. तुम्ही माथेरानला जा, कासच्या पठारावर जा, नाहीतर निघोजला कुकडी नदीने कोरलेले रांजणखळगे पाहावयास जा. चित्र घेण्यापूर्वी थोडा वेळ नुसते पाहा. एखादी पांढरी वस्तू उजेडात धरून तिचे चित्र घ्या. घरी आल्यावर चित्राच्या मागे ठिकाण, दिनांक आणि वेळ लिहून ठेवा. आपल्या नातवंडांना त्या दगडाचे वा नदीचे काय झाले हे कधी जाणून घ्यावेसे वाटले, तर तुमच्या हसऱ्या चेहऱ्याइतकाच त्या तीन ओळींचा त्यांना उपयोग होईल. एखाद्या जागेचे खरे चित्र वेळेवर योग्य माणसांपुढे आले, तर ती जागा वाचू शकते, हे १८७२ साली एकदा घडले आहे. आपल्याही नद्यांना आणि टेकड्यांना अशा साक्षीदारांची गरज आहे.

यलोस्टोनची दरी मात्र चित्राकरिता थांबलेली नाही. नदी तळ खोदते आहे, कडे सुटून खाली येत आहेत, उघडे पडलेले नवे लोह गंजून पिवळे होत आहे. माझे चित्र त्या जूनच्या एका सकाळचे आहे; उद्या जो कोणी तेथे जाईल, त्याला थोडी निराळी दरी दिसेल. त्याने आपला रुमाल बरोबर न्यावा.